पोटखराबा

सोसायटीत निवृत्त माणसाला मान मिळत नाही, फायली मिळतात. मी बँकेतून निवृत्त झालो त्याच महिन्यात आमच्या मीरा रोडच्या इमारतीची मानीव अभिहस्तांतरणाची फाइल सेक्रेटरींनी घरी आणून दिली. इमारतीला पस्तीस वर्षं झाली. राहायला आलेली जोडपी म्हातारी झाली, पोरं विरारला नाहीतर कॅनडाला गेली, सज्ज्यांचं प्लॅस्टर सुटायला लागलं, पण खालची जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. पुनर्विकास करायचा तर आधी जमीन हवी. म्हणून सातबारा काढला. खिडकीबाहेर मेट्रोचे खांब उभे राहिलेत आणि हातात शेताचा उतारा, अशी आमच्या शहराची गंमत आहे. उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात लागवडीयोग्य जमीन वर लिहिली होती, आणि तिच्याखाली काही गुंठे ‘पोटखराबा’.

शब्द ऐकून माहीत होता, अर्थ नव्हता. तो एका जुन्या तलाठीभाऊंनी सांगितला. ज्या जमिनीत पीक येत नाही, म्हणून जिच्यावर सारा बसत नाही, ती पोटखराबा. तिचे दोन वर्ग. ‘अ’ वर्गात खडक, घळी, खड्डे, शेतकऱ्याचं स्वतःचं खळं. ‘ब’ वर्गात रस्ता, वहिवाटीची पायवाट, गावाला उपयोगी पडणारं तळं किंवा ओढा, स्मशान, कुंभारांसाठी राखलेली जागा. म्हणजे ज्या जमिनीवर साऱ्या गावाचा पाय पडतो, जिथे गाव पाणी भरतं आणि जिथे शेवटी जातं, ती कागदावर खराबा. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. महसूल खात्याला जमिनीला एकच प्रश्न विचारायचा होता, तू सरकारला किती देतेस? पण कागद टिकतात आणि त्यांचे प्रश्नही टिकतात. मीरा-भाईंदरमध्ये गेल्या चाळीस वर्षांत ‘रिकाम्या’ जागांवरून जेवढे वाद झाले, त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी मला आता हा शब्द दिसतो.

कारण इथली जमीन मुळात रिकामी सापडलेलीच नाही. ती घडवलेली आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला येऊरकडून उतरत आलेले डोंगर, आणि मधला बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या जेमतेम वर. खाडीला बांध घालायचा, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, ठेवायची, आत भात नाहीतर मीठ करायचं, अशी ही खारबंदिस्तीची जमीन. बांध फुटला की दोन-तीन वर्षं शेत खारं. त्या बांधांपायीच इंग्रज सरकारने १८७० मध्ये रामचंद्र लक्ष्मणजी नावाच्या गृहस्थांना घोडबंदर, मीरा, भाईंदर इथल्या जमिनींचा पट्टा करून दिला. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालणं आणि राखणं ही त्यांची जबाबदारी. मुदत ९९९ वर्षं. हिशेब करून पाहा, हा पट्टा २८६९ साली संपतो. पुढे तो एका खासगी कंपनीकडे गेला. कंपनीचा हक्क नेमका कशावर, जमिनीवर की शेतकऱ्याच्या पिकातल्या वाट्यावर, हा वाद गावकरी, सोसायट्या, महसूल खातं आणि न्यायालयं यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. बांध राखायची जबाबदारी मात्र या वादात कुणाच्या तोंडी फारशी येत नाही. हक्क ९९९ वर्षं टिकतो, काम पहिल्या शंभरातच विसरलं जातं.

भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं लागतात. आम्ही इथे आलो तेव्हा त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठाच्या पांढऱ्या राशी दिसायच्या, शाकारलेल्या झोपड्यांसारख्या. आता राशी कमी आणि पाट्या जास्त झाल्या आहेत. तिथल्या एका वयस्कर आगरी काकांशी माझी ओळख झाली ती मासळीच्या निमित्ताने. त्यांचा सगळा जन्म मिठागरात गेला. एकदा मी सहज म्हणालो, काका, आता एवढी जागा रिकामीच पडून आहे. ते माझ्याकडे जरा दयेने बघत म्हणाले, “पावसाल्यान पानी, उनाल्यान मीठ. रिकामी कवा व्हती रं ती?”

मग त्यांनी वर्षाचं गणित मांडलं. दसरा-दिवाळी झाली की बांधांची डागडुजी. उधाणाला उघाडी उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते उन्हात तापवत एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं, दरम्यान शेवटच्या वाफ्यांची जमीन पायांनी मळून, चोपून दगडासारखी घट्ट करायची. माघ-फाल्गुनात मीठ धरू लागतं. आगरी माणूस मीठ ‘काढत’ नाही. मीठ ‘पिकतं’. मृगाच्या आत राशी बांधावर चढायला हव्यात. पाऊस लागला की आगर पाण्याखाली जातं आणि माणूस भाताकडे वळतो. पाणी असेल तेव्हा कोलंबी, चिंबोऱ्या, कडेच्या चिखलात निवटे. जमिनीला अशी दोन-तीन पाळ्यांची नोकरी होती. गिरणीतल्या माणसाच्या पोराला हे लगेच कळायला हवं होतं, पण मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

गिरणी म्हणालो, कारण आम्ही इथे आलो ते लालबागहून. वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, तो नुसता विरत गेला. सुमारे अडीच लाख कामगारांपैकी कितीतरी जण पुन्हा आत गेलेच नाहीत. वडिलांचं उरलंसुरलं येणं, आईचे दागिने आणि चाळीतल्या खोलीच्या पागडीचे पैसे मिळून १९८८ मध्ये मीरा रोडला एक खोली-किचन आलं. तेव्हा स्टेशनातून घरी येताना पावसाळ्यात चपला पिशवीत आणि पँट गुडघ्यापर्यंत. पाणी टँकरचं. आई रोज एकदा म्हणायची, कुठे आणून टाकलंत. आणि रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून वारा खायची, कारण चाळीत गॅलरी होती पण वारा चाळीस बिऱ्हाडांत वाटून घ्यावा लागायचा.

आमच्यासारखे किती आले ते जनगणना सांगते. १९९१ मध्ये इथे पावणेदोन लाख माणसं होती. २००१ मध्ये ५ लाख २० हजार. २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. नगर परिषद झाली १९८५ मध्ये, महापालिका २८ फेब्रुवारी २००२ ला. माणसं आधी आली, शहर मागाहून आलं.

आणि ही माणसं जिथे आली तिथल्या काही जमिनींच्या कपाळीही एक कायदेशीर रिकामपण लिहिलेलं होतं. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा म्हणत होता की मुंबईच्या परिसरात एका मालकाकडे ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर ती अतिरिक्त, सरकार ती घेईल. मात्र दुर्बल घटकांसाठी घरं बांधणार असाल तर सवलत. मीरा रोडचं शांतीनगर अशा सवलतीतून उभं राहिलं. सवलतीची घरं आणि त्यांच्या वाढत्या किमती यांवरून शांतिस्टार बिल्डर्सचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९९० मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांनी त्यात निकाल दिला की माणसाच्या जगण्याच्या हक्कात अंगावरचं कापड आणि पोटातलं अन्न जसं येतं तसा राहण्याजोगा निवाराही येतो. देशभरच्या वकिलांना हा निकाल पाठ असतो. शांतीनगरच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत चालत जा आणि कुणालाही विचारा, आपल्या पत्त्यामुळे भारताच्या घटनेचा एक अर्थ ठरला हे क्वचितच कुणाला माहीत असेल. मला याचा अभिमान वाटतो आणि थोडी चुटपुटही. कारण दुर्बल घटकांसाठी म्हणून सोडवलेली जमीन किती दुर्बळांना मिळाली, हा प्रश्न कायद्यासोबतच २००७ मध्ये रद्द झाला.

इकडे आम्ही खाजणावर स्थिरावत होतो तेव्हा तिकडे लालबाग-परळची जमीन रिकामी होत होती. ‘होत होती’ हे क्रियापद फसवं आहे. गिरणीची जमीन रिकामी केली गेली, आणि तीही एका शब्दाने. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम ढोबळमानाने म्हणत होता, गिरणी बंद करून जमीन विकायची असेल तर तीन वाटे करा. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने गिरण्यांची जमीन एकसंध धरून आराखडाही मांडला. मग २००१ मध्ये नियमात दुरुस्ती आली. वाटे करायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे. म्हणजे जिथे साचेखातं उभं आहे, चिमणी उभी आहे, ती जागा मोकळी नाही, ती वाटणीत धरायची नाही. ती पाडून तिथे टॉवर बांधला तरी नाही. गिरणगावात सगळ्यात कमी असलेली गोष्ट, मोकळी जागा, तेवढीच तीन जणांत वाटायची. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे अमान्य केलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये मान्य केलं. सहाशे एकरांच्या आसपास जमीन, आणि शहराला काय मिळालं ते एल्फिन्स्टनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, स्टेशनातून दिसतं. वडील २०१२ मध्ये म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या पहिल्या मोठ्या सोडतीचा निकाल पेपरात बघत बसले होते. सुमारे ६,९०० घरं आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. नाव नव्हतं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, चला, इथे निदान वारा आहे.

दोन्ही ठिकाणचा खेळ एकाच शब्दावर चालला, पण उलट्या दिशांनी. परळला बांधलेल्या जमिनीला ‘मोकळी नाही’ म्हणून सोडवून घेतलं. मीरा-भाईंदरला वापरातल्या जमिनीला ‘मोकळी आहे’ म्हणून. फायदा कुणाचा हे दोन्हीकडे जवळपास सारखंच.

आता मिठागरांकडे. मीठ हा केंद्राचा विषय, घटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्रसूचीत ५८ व्या क्रमांकावर. त्यामुळे भाईंदरच्या आगराचा साहेब जयपूरला बसतो, मीठ आयुक्तांच्या मुख्यालयात. राजस्थानात बसून खाडीच्या भरती-ओहोटीचा कारभार पाहणं ही कल्पनाच मोठी सुरस आहे. तरी या विचित्र व्यवस्थेचा एक अनवधानाने झालेला फायदा मी नाकारणार नाही. दिल्ली, जयपूर आणि मुंबई यांच्या पत्रव्यवहारात ही जमीन वर्षानुवर्षं अडकली, म्हणूनच ती अजून शिल्लक आहे. सरकारी दिरंगाईने या देशात वनखात्याच्या खालोखाल निसर्ग वाचवला असेल.

पण दिवस बदलले आहेत. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम मीठ उत्पादनासाठी तयार केलेल्या जलसाठ्यांना पाणथळीतून वगळतात. पुन्हा तोच पोटखराबा. निसर्गाच्या यादीत बसत नाही कारण माणसाने केलं, शहराच्या यादीत बसत नाही कारण तिथे इमारत नाही. मग उरते ती जमीन, आणि उरलेल्या जमिनीला मुंबईत गिऱ्हाईक लागतंच. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप, मुलुंड इथल्या २५५.९ एकर मिठागरांच्या जमिनीवर धारावीतल्या अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांसाठी भाड्याची घरं बांधायचा निर्णय घेतला. भाईंदरच्या आगराला हा निर्णय लागू नाही. पण शेजारच्या घराचा जिना उतरून कुणी आलं की आपणही दाराची कडी तपासतो.

मिठागरं वाचवा म्हणणारे बहुतेक जण रोहित पक्ष्यांचे फोटो दाखवतात. मला पक्ष्यांचं प्रेम आहे, पण माझा मुद्दा गटाराचा आहे. पावसाचं पाणी नाल्यातून खाडीत जातं, मात्र खाडीला भरती असताना नाल्याचं तोंड बंद असल्यासारखं होतं. उधाणाची भरती आणि मुसळधार एकाच वेळी आली की पाण्याला तीन-चार तास कुठेतरी थांबावं लागतं. ते थांबतं सखल जागेत. ती सखल जागा आज मिठागर आहे. तिच्यावर भराव टाकला की पाणी थांबायचं थांबत नाही, ते फक्त पत्ता बदलतं, आणि नवा पत्ता तळमजल्याचा असतो. २६ जुलै २००५ ला माझ्या तळमजल्याच्या शेजाऱ्यांनी टीव्ही पंख्याला बांधून वाचवला होता. तो प्रसंग ते अजून हसत सांगतात, पण दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात फ्रिज विटांवर चढवतात.

आता दुसरी बाजू, आणि ती मी पडेल आवाजात मांडणार नाही. आमच्या घरी काम करणाऱ्या बाई काशिमिऱ्याच्या वस्तीतून येतात. तिथल्या जनतानगर आणि काशी चर्च वस्त्यांच्या पुनर्वसनाची योजना केंद्राच्या जेएनएनयूआरएम अभियानाखाली आली. मुलं शाळेत घातली तेव्हा लोक संक्रमण शिबिरात गेले, मुलं कामाला लागली तरी सगळ्यांना घर मिळालेलं नव्हतं. बाई मला विचारतात, तुम्ही म्हणता आगरावर बांधू नका, मग आम्ही कुठे जायचं? आणि त्यांच्या प्रश्नात एक न विचारलेला प्रश्न असतो. तुम्ही आलात तेव्हा कोण आडवं आलं होतं? माझी इमारत ज्या जागेवर आहे तिथे १९८० च्या आधी भात होतं, काकांच्या एका मामाचं. मी डब्यात चढलो आणि आता पुढच्या स्टेशनवरच्यांना ओरडतोय, मागे जागा नाही. लोकलमध्ये प्रत्येकाने हे केलेलं असतं. तरी डबा खरोखरच भरलेला असू शकतो, हेही खरं.

म्हणून मी जागांची यादी उलट बाजूने वाचायला सुरुवात केली. नकाशावर ‘रिकाम्या’ दिसणाऱ्या जागांच्या ऐवजी ‘भरलेल्या’. भाईंदर आणि मीरा रोड स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर ऐंशीच्या दशकातल्या तीन-चार मजली इमारतींच्या रांगा आहेत. घाईने बांधलेल्या, पोलाद गंजलेल्या, पालिकेच्या धोकादायक यादीत दरवर्षी काहींची नावं चढतात. त्यांच्या आसपास पाण्याची लाइन आहे, शाळा आहे, स्टेशन आहे. या शहरातली खरी पडीक जमीन ती. पडीक अशासाठी की तिच्यावर काही होऊच शकत नाही. कुठे जमीन सोसायटीच्या नावावर नाही, कुठे मंजुरीपेक्षा जास्त बांधून झालंय त्यामुळे नव्याने बांधायला चटई क्षेत्रच उरत नाही, कुठे सातबाऱ्यावर इतर हक्कात चार-चार नावं. माझी फाइल अशीच आहे. आमच्या ४८ बिऱ्हाडांच्या जागी नव्वद घरं होऊ शकतात, खाडीत एक टोपली माती न टाकता. ती होत नाहीत कारण हे काम कंटाळवाणं आहे. भराव टाकायला जेसीबी लागतो, अभिहस्तांतरणाला उपनिबंधकांच्या कार्यालयात चौदा खेपा लागतात. बिल्डर जेसीबी निवडतो यात नवल काय? नवल वाटतं ते धोरण आखणाऱ्यांचंही बोट आधी मोकळ्या हिरव्या-निळ्या पट्ट्यांकडे जातं याचं.

आणि घर म्हणजे पाणी, हे आम्हाला टँकरने शिकवलं. सूर्या धरणाच्या प्रादेशिक योजनेत रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी धरलंय, त्यातलं २१८ मीरा-भाईंदरचं, १८५ वसई-विरारचं. हे पाणी पालघर जिल्ह्यातून, तिथल्या आदिवासी पाड्यांच्या अंगावरून डोंगर फोडून येतं. नव्या जमिनीवर नवं शहर वसवायचं म्हणणाऱ्याने त्या नळाला कुणाचा हंडा लावणार तेही त्याच भाषणात सांगावं.

तशी विकास आराखड्यात सार्वजनिक जागांची तजवीज असते. १९९७ च्या आराखड्यात मैदानं, बागा, शाळा, दवाखाने यांची आरक्षणं रंगवलेली होती. रंग आणि जमीन यांच्यामध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं १२७ वं कलम उभं असतं. दहा वर्षांत पालिकेने आरक्षित जागा घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि ठरावीक मुदतीत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. मालकाच्या बाजूनेही बघा. जमिनीवर दहा-दहा वर्षं रंग फासून ठेवायचा आणि पैसे द्यायचे नाहीत, हा जुलूमच. पण जमिनीचे भाव पालिकेच्या तिजोरीपेक्षा वेगाने पळतात, त्यामुळे मैदान हातचं जातं. गेल्यावर आपल्याला कळतं की ते मैदान होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला असा एक भूखंड आहे. क्रिकेट, नवरात्र, लग्नाचा मांडव, भंगारवाल्याची हातगाडी, रात्री साठ-सत्तर रिक्षा. दिवसाचे अठरा तास वापरात असलेली ही जागा कागदोपत्री ‘अविकसित’ आहे.

सुधारित आराखड्याचं प्रारूप २०२२ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले होते, आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराला सभागृहच नव्हतं. म्हणजे पुढच्या वीस वर्षांची जमीन ठरायची होती त्या वेळी नगरसेवक नावाचा, दारात उभं राहून ज्याच्याशी भांडता येतं असा माणूस अस्तित्वात नव्हता. हरकती-सूचनांना महिनाभर. लोकांनी हजारो हरकती दिल्या, पण हरकत म्हणजे चर्चा होत नाही. हरकतीत माणूस आपला सर्व्हे नंबर वाचवतो. माझ्या जागेवरचा रस्ता शेजाऱ्याच्या जागेवर सरकवा, एवढंच त्या अर्जात मावतं. मेट्रो ९ च्या कारशेडचं तेच झालं. आधी राई-मुर्धा-मोर्वा ठरलं. तिथल्या भूमिपुत्रांनी घरं आणि शेतं वाचवायला जिद्दीने लढा दिला. शेड सरकलं डोंगरीला. तिथे सरकारी जमीन, म्हणजे पुन्हा ‘रिकामी’, फक्त तिच्यावर झाडं होती. सुमारे १२,४०० झाडं कापायचा प्रस्ताव आला आणि डोंगरी-उत्तनचे लोक रस्त्यावर उतरले. याच उत्तनच्या डोंगरावर शहराचा कचरा जातो आणि ते भांडण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोचलं. प्रत्येक गाव आपल्या परीने बरोबर. फक्त ज्या प्रश्नावर सगळ्यांनी एका जागी बसायला हवं होतं, तो प्रश्न एका वेशीवरून दुसऱ्या वेशीवर ढकलला गेला.

एका जागी बसता येतं याचे दाखले आहेत. पुण्याजवळ मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, आणि शहर आल्यावर विकून मोकळं व्हायच्या ऐवजी शहराचे भागीदार झाले. माझे काही मित्र तिला श्रीमंतांची वसाहत म्हणतात, ते खोटं नाही. पण तिथे निदान कुणाची जमीन किती हे ठरलेलं होतं. आमच्याकडे कुणी एकत्र यायचं तर आधी २८६९ पर्यंत थांबायचं का, असा प्रश्न येतो. दुसरा दाखला अगदी वेगळा. बर्लिन शहराच्या मधोमध टेम्पलहॉफ नावाचा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. जवळजवळ तीनशे हेक्टर धावपट्टी आणि गवत, घरांची टंचाई असलेल्या शहरात. कडेकडेने घरं बांधायचा सरकारचा बेत होता, आणि तो काही राक्षसी नव्हता. लोकांनी सह्या गोळा केल्या, मे २०१४ मध्ये मतदान झालं, आणि बहुमताने ठरलं की काहीच बांधायचं नाही. आज तिथे लोक धावपट्टीवर सायकली चालवतात, पतंग उडवतात. तो निर्णय बरोबर होता की नाही यावर बर्लिनकर अजून भांडतात. मला हेवा निर्णयाचा नाही, भांडणाचा वाटतो. काहीच न बांधणं हा तिथे मतपत्रिकेवरचा पर्याय होता. आपल्या आराखड्यात काहीच न करण्यासाठी रंगच नाही. ‘ना विकास’ असा एक पट्टा असतो, पण नावातच त्याच्याबद्दलची नाराजी आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी आगराला हात लावणार नाही, खारफुटीभोवती उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात आखून दिलेली ५० मीटरची पट्टी काटेकोर धरीन, स्टेशनजवळच्या जुन्या इमारतींची कागदपत्रं सोडवायला पालिकेत आणि महसुलात मिळून एक वेगळं कार्यालय बसवीन, आणि तिथे वाढणाऱ्या घरांतला ठरलेला वाटा काशिमिऱ्याच्या वस्त्यांना भाड्याने देईन. बिल्डर म्हणतील परवडत नाही. शेजारी म्हणतील, आमच्या इमारतीत भाडेकरू? दुसऱ्या आक्षेपाची मला जास्त भीती वाटते, कारण तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, चहा-वेफर्सच्या मध्ये येतो आणि त्यावर मतदान होतं.

मागच्या दिवाळीच्या दोन दिवस आधी मी आराखड्याचा नकाशा छापून काकांकडे नेला. मोठा कागद, पडवीत पसरला, चार कोपऱ्यांवर फराळाचे डबे. त्यांनी चष्मा लावला आणि बोटाने खाडी धरून आत यायला लागले. खाडी ओळखली, रस्ता ओळखला, मुर्ध्याचं देऊळ कुठे असेल ते ओळखलं. मग बोट एका जागी घुटमळायला लागलं.

“उघाडी कंची?”

मी म्हणालो, नकाशात उघाड्या दाखवत नाहीत.

“नि यो पिवला काय हाय?”

“रहिवास. घरं.”

ते बराच वेळ पिवळ्या रंगाकडे बघत राहिले. हरकत द्यायची तारीख आहे का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, ती केव्हाच गेली. त्यांनी डबे उचलले, नकाशाची घडी करून माझ्या हातात दिली, आणि भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं. परवा अवस होती, लक्ष्मीपूजन, म्हणजे उधाणाचं पाणी चढणार. बांधाला एके ठिकाणी खेकड्यांनी बिळं केली होती, ती त्यांना त्याआधी बुजवायची होती.